घराण्याचा माग काढताना: सातबाऱ्यापासून मोडीच्या रुमालापर्यंत

आडनावावरून घराण्याचा इतिहास शोधायला बसलं की हमखास दोन गोष्टी भेटतात. एक, आपण कुठल्यातरी राजवंशातून निघालो अशी कथा. दुसरी, ती कथा चौकटीत छापून देणारा माणूस. सुरुवातीला दोन्हींपासून लांब राहा. पणजोबांच्या पलीकडचं नाव कागदावर हवं असेल तर एवढंच धरून चाला: जिथे सारा वसूल झाला, वाटणी झाली किंवा भांडण कचेरीत गेलं, तिथे नावं लिहिली गेली. त्यामुळे "आमचा इतिहास कुठे आहे?" असं विचारत फिरण्यापेक्षा "आमच्याकडून कोणी काय वसूल केलं आणि आम्ही कोणाशी भांडलो?" हे विचारलेलं बरं. मी माझ्या घरची वंशावळ याच क्रमाने मागे नेली. महाराष्ट्रातल्या दफ्तरांत काय कुठे मिळतं आणि माणूस कुठे अडतो, ते पुढे लिहितो.

निघण्यापूर्वी जवळ असू द्या

- ओळखपत्र, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स, थोडे कोर्ट फी स्टॅम्प
- मूळ गावाचा आजचा सातबारा आणि आठ-अ उतारा (जमीन भाऊबंदांच्या नावावर असली तरी चालेल)
- घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. जुन्या कागदांजवळ शाईचा पेन नको
- मोबाइलमध्ये रिकामी जागा, आणि फ्लॅश बंद करायची सवय

१. आधी घर धुंडाळा, आणि प्रश्न नीट विचारा

म्हाताऱ्या माणसांना "आपल्या घराण्याबद्दल सांगा" म्हटलं की ती कथा सांगतात. त्याऐवजी व्यवहाराचे प्रश्न विचारा. सुतक कोणाकोणाचं धरतो? या एका प्रश्नावर भावकीची हद्द समोर येते. ज्यांच्याशी आता बोलणंही उरलेलं नाही अशी घरंही त्यात निघतात. मग विचारा: आजीचं माहेर कुठलं? कुळदैवताला कोण जायचं आणि कुठे उतरायचं? जत्रेत आपला मान कोणता? विहिरीत पाळी किती दिवसांची? पाळीवरून मूळ वाटण्या किती झाल्या ते बऱ्याचदा कळतं.

मग माळा. जुन्या लग्नपत्रिकांत चुलते, आजोबा, "कै." लागलेली नावं रांगेने असतात, आणि भावकी फुटायच्या आधीची पत्रिका असेल तर सोन्याहून पिवळं. जन्मपत्रिकेत शके, तिथी आणि वडिलांचं नाव मिळतं. तांब्या-पितळेची भांडी उलटी-पालटी करून बघा. हंड्याच्या काठावर ठोक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख असते, आणि लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असलं तर आजीच्या माहेराचा धागा मिळतो.

२. गाव, आणि त्या काळी ते कोणाच्या अमलात होतं

सगळी दफ्तरं गावावरून लावलेली असतात, आडनावावरून नाही. म्हणून गाव पक्कं नसेल तर पुढचं काहीच होत नाही. बुद्रुक की खुर्द हे नक्की करा. एकाच नावाची दोन गावं शेजारी असतात आणि कागद भलत्याच गावाचे निघतात.

मग जिल्हा. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाले, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशिम १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलेले असू शकतात. तालुके तर त्याहून जास्त वेळा इकडचे तिकडे झाले.

त्याच्याही मागे राज्य बदलतं. पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग मुंबई इलाख्यात होता, पण कोल्हापूर, सांगली, फलटण, भोर, औंध, सावंतवाडी, अक्कलकोट ही संस्थानं होती आणि त्यांची दफ्तरं वेगळी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे तिथे उर्दू-फारसी कागद निघतात. विदर्भात बंदोबस्ताचे (जमीन मोजून सारा ठरवल्याचे) कागद वेगळ्या नावांनी ओळखले जातात. हे आधी माहीत नसेल तर खिडकीवर चुकीच्या कागदाचं नाव घ्याल आणि "असलं काही नसतं" हे उत्तर घेऊन परत याल. ते उत्तर खरंही असतं.

गाव धरणात गेलं असेल (कोयना, उजनी, जायकवाडी) तर मूळ गावाचं दफ्तर आणि पुनर्वसनाचे कागद दोन्ही शोधा. पुनर्वसनाच्या यादीत कुटुंबप्रमुखाबरोबर घरातली माणसंही मिळू शकतात.

३. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून मागचा फेरफार

खरं काम इथे आहे, म्हणून इथेच जास्त वेळ द्या. आजचा संगणकीय सातबारा म्हणजे फक्त दार. त्यावर नावापुढे फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) क्रमांक असतो, तो उतरवा. हस्तलिखित सातबाऱ्यावर तो वर्तुळात लिहिलेला असतो आणि कमी झालेली नावं कंसात असतात. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढा. त्यात मागच्या खातेदाराचं नाव मिळेल. त्याचं नाव कुठल्या फेरफाराने लागलं ते बघा, तो काढा. असं एकेक पाऊल मागे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर ही साखळी सरळ तिथपर्यंत जाते.

महाभूमीच्या (राज्याच्या भूमी अभिलेख विभागाच्या) "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर बरेच जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. तुमचा तालुका त्यात आहे का ते पाहा. नसेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज. अर्जात "आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद" असं लिहू नका. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे साल लिहा.

मध्येच साखळी तुटली तर बहुधा गट नंबर आडवा आलेला असतो. १९४७ च्या कायद्याने आलेल्या एकत्रीकरण योजनेत अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना-नवा मेळ घालणारं एकत्रीकरणाचं पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागा.

आता फेरफार वाचायचा कसा? समजा असा मजकूर आहे: "खातेदार राणू बिन सखाराम मयत. वारस मुलगे १. सखाराम वय २२, २. बाळा अज्ञान अ.पा.क. आई गंगूबाई. पैकी सखाराम याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केले." या दोन-तीन ओळींत तीन पिढ्या आहेत. "बिन" म्हणजे चा मुलगा, तेव्हा राणूच्या वडिलांचं नावही सखाराम. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाळा तेव्हा सज्ञान नव्हता आणि आई हयात होती. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पुढच्या सातबाऱ्यावर एकट्या सखारामचं नाव दिसेल आणि तुम्हाला वाटेल की राणूला एकच मुलगा होता. बाळाची अख्खी शाखा अशीच वंशावळीतून गळते.

मराठवाडा-विदर्भात "बिन"च्या जागी "वल्द" येतं. बायकांच्या नावापुढे "कोम", "भ्रतार", "मर्द" किंवा "जौजे" आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. घाईत ते वडिलांचं समजलं की सासर आणि माहेर यांची अदलाबदल होते.

दुसरी खूण हिश्श्याची. जुन्या कागदांत हिस्सा आणे-पैत असतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण, बारा पैचा एक आणा. चार आणे दिसले तर चौथाई. पाच आणे चार पै दिसले तर तिसरा हिस्सा, म्हणजे वाटणी तिघांत. अशी दोनच नावं हाती असतील तर बेरीज दहा आणे आठ पैवर अडते. उरलेले पाच आणे चार पै कोणाचे? तो तिसरा भाऊ विकून गेला असेल, दत्तक गेला असेल किंवा निपुत्रिक वारला असेल, पण तो होता. नावं जुळवण्याआधी बेरीज सोळा आणे होते का ते पाहायची सवय लावा.

आमच्याकडे जमीनच नव्हती, तर?

हे बरेच जण म्हणतात आणि इथेच सोडून देतात. सोडू नका. कूळ म्हणून कसत असतील तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या आसपासचे फेरफार बघा. कूळकायद्याखाली कुळांची नावं त्या काळात मोठ्या प्रमाणावर लागली. बलुतेदार किंवा गावकामगार असतील तर वतनाचे कागद बघा. महार वतनाच्या आणि इतर कनिष्ठ वतनांच्या नोंदींत वतनदार घरांची नावं येतात, आणि १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली तेव्हा जमिनी कोणाच्या नावे परत दिल्या याचे फेरफार झाले. घर गावठाणात किंवा शहरात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या बऱ्याचदा कुठल्याही सरकारी कागदाआधी उपयोगी पडतात.

४. कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर

गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडातलं कोतवाल बुक, ही गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तहसील कचेरीत मागा. मुंबई इलाख्यातल्या गावांची जुनी पानं बहुतेक मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून अनेक जिल्ह्यांनी अशी पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी हा साठा आधी चाळा.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच; बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. बारसं व्हायच्या आधी वर्दी जायची. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं आणि त्यावरून साल ताडून पाहता येतं: पटकी, देवी, १८९६ नंतर प्लेग, १९१८ ला मानमोडीचा ताप (इन्फ्लुएंझा). एका घरातली तीन-चार माणसं एकाच महिन्यात गेलेली दिसली तर पान चुकलं असं समजू नका.

शाळेत "जनरल रजिस्टर" मागा. काही भागांत त्याला दाखल-खारिज किंवा प्रवेश-निर्गम रजिस्टर म्हणतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने घातलेली आहे असंच धरा. साल थोडं मागेपुढे, दिवस तर मुळीच खरा नाही.

जनगणनेच्या मागे लागू नका. माणसागणिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे. मिळतात ते आकडे.

५. सनावळी: इथे भले भले घसरतात

शके असेल तर ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९, कारण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत. फसली (साऱ्याच्या वसुलीसाठी वापरायचा सन) असेल तर ५९० मिळवा, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष पुढे. निजामाच्या राज्यातला फसली वेगळ्या महिन्यात सुरू व्हायचा, म्हणून मराठवाड्यातल्या कागदात महिनाही उतरवून घ्या.

पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन येतो आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो, तोही एकं-दहं-शतं अशा उलट्या क्रमाने. "सन इसन्ने सबैन मया व अलफ" असं असेल तर इसन्ने २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, झाले ११७२. त्यात ५९९ मिळवा: १७७१. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून हे साल १७७१-७२ असं लिहा. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, खमस ५ आणि खमसैन ५०. ही जोडी चुकली की माणूस मुलाच्या आधी मेलेला निघतो. तारखेच्या आधी "छ" दिसला तर पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र आहे, मराठी तिथी नव्हे.

मूळ सन जसा लिहिलाय तसाच वहीत उतरवा, इसवी सन शेजारच्या रकान्यात. नुसतं इसवी सन लिहून ठेवलं तर पुढे तपासायला काही उरत नाही.

६. मोडी: किती शिकायची?

आपल्या कामापुरती. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत जागा नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. पहिल्या दिवशी सगळं एकसारखं वळवळताना दिसतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, काही विद्यापीठं आणि इतिहास मंडळंही घेतात. पण सनदा-पत्रं वाचण्याइतकी तयारी व्हायची वाट बघत बसू नका. कोतवाल बुकात तेच तेच रकाने आणि तीच तीच नावं असतात. तुमच्या घरातली वीस-पंचवीस नावं, गावाचं नाव, आडनाव, "बिन", "कोम", "मयत" हे मोडीत लिहून लिहून घोटवा. मग पान वाचायला जाऊ नका, पानात ते आकार शोधा.

एक युक्ती: त्याच पानावरचं तुम्हाला नक्की ठाऊक असलेलं नाव, उदाहरणार्थ गावच्या पाटलाचं, आधी हुडका. त्यातून त्या कारकुनाचा "स", "र", "म" कसा आहे ते कळतं. कारकून बदलला की ही उजळणी पुन्हा. शब्दापुढे दोन उभे दंड दिसले तर तो तोडलेला शब्द, म्हणजे संक्षेप, आहे.

पैसे देऊन वाचून घेणार असाल तर अक्षरशः लिप्यंतर मागा, सारांश नको. आणि एक पान दोघांना द्या. "तुमचं घराणं फार मोठं दिसतंय" अशी सुरुवात करणाऱ्याला देऊ नका.

७. तीर्थोपाध्याय आणि हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. गेल्यावर आडनाव, मूळ गाव, तालुका आणि जात सांगा. त्यावरून तुमच्या गावाचे उपाध्याय कोण ते कळतं. राहत्या शहराचं नाव सांगून उपयोग नाही. जुन्या पानांवर आलेल्या माणसाने भाऊ, मुलं, चुलते यांची नावं सांगितलेली असतात आणि लिहिता येत असेल तर खाली स्वतःची सही. पणजोबांची सही पाहायला मिळण्याची ही एक जागा. फोटोला परवानगी मागा, दक्षिणा आधी बोलून घ्या, आणि तुमच्या पिढीची नोंद करूनच उठा.

कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी येतात आणि घराण्याची नावं सांगतात. इतर काही भागांत भाट. अलीकडच्या चार-पाच पिढ्यांसाठी त्यांचं सांगणं कामाचं असतं, विशेषतः कोण कुठल्या गावाहून उठून आलं ते. त्याच्या वर एखाद्या राजाशी गाठ मारलेली असली तर ती ऐकून घ्या, वहीत वेगळ्या पानावर लिहा, वंशावळीत घालू नका.

८. पुराभिलेखागारात सर्वांत शेवटी

बरेच जण सुरुवातच पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून करायला बघतात. तिथे हजारो रुमाल आहेत (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि ते प्रांत, परगणा, खातं यांप्रमाणे लावलेले. तुमच्या हाती गाव, जुना परगणा आणि १८५० च्या आसपासचं एखादं नाव नसेल तर कुठला रुमाल मागणार? शिवाय तिथे येतात ते मुख्यतः वतनदार, इनामदार, शिलेदार, देवस्थानं, सावकार. साधा शेतकरी सापडतो तो लावणीच्या (कोण कुठली जमीन कसतो) किंवा झडतीच्या (हिशेबाच्या) कागदात, आणि तिथे आडनाव नसतंच.

घरात इनाम किंवा वतन होतं असं ठाऊक असेल तर मात्र जरूर जा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने हक्क तपासले, तेव्हा दावेदारांना आपण मूळ इनामदाराचे कोण लागतो ते दाखवावं लागलं. भांडणातून निघालेल्या त्या वंशावळी भाटाच्या वंशावळीपेक्षा पुष्कळ भरवशाच्या, कारण समोर विरुद्ध पक्ष उभा होता. कोल्हापूर संस्थानातल्यांनी कोल्हापूरचं पुराभिलेखागार बघावं, नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखातल्यांनी नागपूरचं, मराठवाड्यातल्यांनी छत्रपती संभाजीनगरचं आणि गरज पडली तर हैदराबादचं.

९. जुळवणी

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत जुळवणीत फार छळते. सखारामचा राणू, राणूचा सखाराम, पुन्हा राणू. दोन कागदांत "राणू बिन सखाराम" दिसला म्हणून तो एकच माणूस होत नाही. सालांत पन्नास-साठ वर्षांचं अंतर असेल तर तो आजा आणि नातू आहे. प्रत्येक माणसाला क्रमांक द्या, नावाच्या भरवशावर राहू नका. बायको, भाऊ किंवा सर्व्हे नंबर यांपैकी निदान एक खूण जुळल्याशिवाय दोन नोंदी एकत्र करू नका.

आडनावाचंही तसंच. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्याची नावं. कागदात मूळ आडनाव वेगळं असू शकतं, आणि एकाच गावातली दोन पाटील घरं एकमेकांची कोणीही नसू शकतात. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवा.

वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: कागद कोणता, कुठे पाहिला, भरवसा किती. ऐकीव नाव पेन्सिलीने, कागदावरचं शाईने. एखादी कचेरी नक्कल द्यायला टाळाटाळ करू लागली तर वाद घालू नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, कागदाचं नाव आणि साल नेमकं लिहा, उत्तराची मुदत तीस दिवस आहे. आणि घरात एखादा मूळ मोडी कागद निघालाच तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, घडी हलक्या हाताने उलगडून सपाट ठेवा, आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.